एका घरातले दोन शिपाई

सातारा शहरापासून थोड्या अंतरावर आपशिंगे नावाचे गाव आहे. पण नुसते 'आपशिंगे' असे त्याला कोणी म्हणत नाही. 'आपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एकट्या गावचे ४६ जण कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ गावात आहे आणि पोरे त्याच्या आसपास खेळत वाढतात. आमचे गाव एवढे नावाजलेले नाही. डोंगराच्या कुशीतली पाऊणशे घरांची ती वस्ती. तरीही घरटी एक माणूस पलटणीत गेलेला असायचाच. कोणत्याही घरात शिरावे, तो देवादिकांच्या तसबिरींच्या ओळीत एक फोटो खाकी कपड्यांतला दिसायचा आणि सणासुदीला दत्तगुरूंबरोबर त्यालाही हार मिळायचा.

आमच्या घरी तो फोटो माझ्या वडिलांचा. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत, ते शिपाई होते. त्या फोटोशेजारी १९७२ सालापासून आणखी एक वस्तू आली. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट देण्यात आले, त्यांतला एक माझ्या चुलत्यांना, तात्यांना, मिळाला. एका भावाने ज्या सरकारची बंदूक खांद्यावर घेतली, त्याच सरकारच्या बंदुका चुकवीत दुसरा भाऊ रानोमाळ हिंडला. दोघांची निशाणी एका भिंतीवर, हातभर अंतरावर! पाहुणे येत, भिंतीकडे पाहत, आणि मग आमच्याकडे पाहत. वाचकहो, या हातभर अंतराचीच हकीकत मला सांगायची आहे.

आबा पलटणीत गेले ते देशभक्तीने नव्हे आणि राजभक्तीने तर मुळीच नव्हे. पोटासाठी गेले. चार एकर जिराईत, डोक्यावर सावकाराचे कर्ज, वडील वारलेले, घरात आई आणि धाकटा भाऊ. १९४० साली भरतीवाले आले तेव्हा आबांना विसावे लागले होते. छाती मापली, डोळे पाहिले आणि बेळगावला रवाना केले. त्या महायुद्धात हिंदी फौज पंचवीस लाखांपर्यंत वाढली आणि त्यांत सक्तीने भरती केलेला एकही नव्हता, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. ते खरेच आहे. पण पोटाची सक्ती कोणत्या कायद्यात लिहिलेली नसते.

बेळगावला त्यांना आपल्या पलटणीचा इतिहास शिकवला गेला. जंगी पलटण १७६८ सालची. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात ती होती. १४७ दिवस उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडले आणि उरलेले शिपाई तुर्कांचे कैदी झाले. आमच्या गावातला एक म्हातारा त्या कैदेतून परतलेला होता. तो भाकरीचा तुकडा जमिनीवर पडला तर उचलून कपाळाला लावी आणि मग खाई. आबा म्हणत, "इतिहास बेळगावात शिकलो, पर त्येचा अर्थ त्या म्हाताऱ्याकडं बघून कळला व्हता."

आबा इकडे कवायत करीत होते, तो सातारा जिल्हा पेटू लागला. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'ची हाक आली आणि जिल्ह्यात ठिकठिकाणी मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला, नऊ जणांचे प्राण गेले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला गोळ्या झाडल्या गेल्या. पुढच्या वर्षी त्या रक्तातून क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. कुंडल हे त्याचे मोठे ठाणे. आज ते सांगली जिल्ह्यात मोडते, पण तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता, तो सगळा मुलूख साताऱ्यातच होता. गावोगाव न्यायनिवाडे होऊ लागले, हुंड्याशिवाय, वाजंत्रीशिवाय गांधी-विवाह लागू लागले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची गाडी अडवून लुटण्यात आली. तात्यांचे वय तेव्हा वीस. ते एका रात्री भाकरी बांधून घेऊन जे गेले, ते तीन वर्षे घरी राहायला आले नाहीत.

तात्यांचे काम मोठे नव्हते. निरोप पोचवायचे, वाटा दाखवायच्या, रात्री डोंगर ओलांडून माणसे पलीकडे न्यायची. पण तेवढ्यावरही वॉरंट निघत असे. फौजदार दोनदा झडतीला आला. पहिल्या खेपेला त्याच्या शिपायांनी कणगीतले धान्य ओतले, गाडगी उतरवली, आणि मग एकाचा हात भिंतीवरच्या फोटोला लागला. माझी आजी चुलीपुढून उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "घर उचकटायचं तर उचकटा. पर त्यो फोटू खाली पडू देऊ नका. माझा थोरला हाय. तुमच्याच सायबाच्या लढाईवर गेलाय." फौजदाराने फोटो पाहिला, टोपीवरचा बिल्ला पाहिला आणि झडती तिथेच आवरली. एका मुलाच्या खाकीने दुसऱ्या मुलाची झडती थांबली! आजी पुढे कित्येक वर्षे ही हकीकत सांगताना हसत असे.

पण ही बातमी आबांना कळवायची कशी? लढाईवर जाणारे प्रत्येक पत्र सेन्सॉर वाचणार. आजीला लिहिता येत नव्हते. गावच्या मास्तरांकडून ती पत्र लिहवून घेई. मास्तर हुशार. त्यांनी लिहिले : "घरी सर्व क्षेम. विशेष हेच की धाकटा बैल दावे तोडून रानात गेला आहे. कोंडवाडेवाले दोनदा येऊन गेले. बैल हाती लागला नाही."

आमच्या घरी तेव्हा एकच बैल होता आणि तो गोठ्यात निवांत रवंथ करीत बसलेला होता. आबांच्या ध्यानात सारे आले. त्यांचे उत्तर दोन महिन्यांनी आले. ते पत्र आजीने देव्हाऱ्याखालच्या फळीवर जपून ठेवले होते. आता ते माझ्याजवळ आहे. त्यात पेन्सिलीने लिहिले आहे : "बैलाची काळजी करू नये. तो जातीचा चांगला आहे. परत आल्यास बांधू नये. वैरणीसाठी पैसे निराळे पाठवीत आहे."

आणि खरोखरच त्या महिन्यापासून मनिऑर्डर थोडी वाढली. ती वाढीव रक्कम डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर भाकरीच्या रूपाने पोचत होती. ब्रिटिश बादशहाच्या तिजोरीतून निघालेला पैसा इटलीच्या चिखलात कमावला जाऊन, साताऱ्याच्या रानात बादशहाविरुद्ध लढणाऱ्याच्या पोटात जात होता. इतिहासाच्या पुस्तकांत एका प्रकरणात महायुद्ध असते आणि दुसऱ्यात प्रतिसरकार. आमच्या घरी ही दोन प्रकरणे एकाच मनिऑर्डरच्या पावतीवर होती.

आबा तेव्हा होते इटलीत. १९४३ च्या पावसाळ्यानंतर आठवी हिंदी डिव्हिजन इटलीच्या टाचेला, तारांतो बंदराकडून, उतरली आणि पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडे सरकू लागली. इटली म्हणजे डोंगर आणि डोंगरातून समुद्राकडे जाणाऱ्या नद्या. एक नदी ओलांडावी, तो पुढे दुसरी. नोव्हेंबरात सांग्रो नदीवर पावसाने कहर केला. नदी फुगली, बांधलेले पूल वाहून गेले. आबा सांगत, "आपल्याकडचा पाऊस सरळ पडतो. तिकडचा आडवा मारतो, आन् खाली चिखल असा, की बूट एकीकडं नि पाय एकीकडं." त्या थंडीत त्यांनी पहिल्यांदा बर्फ पाहिला. रात्री पहाऱ्यावर असताना आभाळातून पांढरे काही पडू लागले तेव्हा शेजारच्या साथीदाराने विचारले, "ह्यो कापूस कोन पिंजाय लागलंय?"

त्या हिवाळ्यातली एक गोष्ट आबा आम्हां पोरांना नेहमी सांगत, कारण तिच्यात हसायला जागा होती. एका पडक्या घरापुढे एक बाई, काखेत पोर घेऊन, "पाने, पाने" म्हणत हात पसरून उभी होती. आबांना वाटले, पाणी मागते आहे. परमुलखात आपला शब्द ऐकून त्यांना भरून आले. त्यांनी कमरेची पाण्याची बाटली काढून दिली. बाईने मुकाट्याने दोन घोट घेतले, बाटली परत केली आणि पोराच्या तोंडाकडे बोट करून पुन्हा म्हणाली, "पाने." तेव्हा कळले, इटलीच्या भाषेत पाने म्हणजे भाकरी. आबांनी झोळीतल्या दोन थंडगार चपात्या तिच्या हातावर ठेवल्या. ही गोष्ट सांगून झाली की आम्ही हसायचो. आबाही हसायचे आणि मग म्हणायचे, "पर लोकाच्या मुलखात लढाई आली की बाया अशा दारात येऊन उभ्या ऱ्हात्यात. ध्यानात धरा."

आता अशी एक गोष्ट, जी मला लहानपणी खरीच वाटत नसे. आबा म्हणत, "म्या एकदा फुलांच्या बाईवर पहारा केलाय." आई हे ऐकून पदर तोंडाला लावून आत जायची. पुढे कळले की ती गोष्ट अक्षरशः खरी होती. जुलै १९४४ अखेर आठवी डिव्हिजन फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला पोचली तेव्हा जंगी पलटण मॉन्तेगुफोनी नावाच्या एका जुन्या गढीत उतरली. गढीत आसपासच्या खेड्यांतले निर्वासित भरलेले, बाहेर जर्मन तोफांचे गोळे पडत असलेले. आणि आतल्या दालनांत, भिंतींना टेकवून, फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयातली जगप्रसिद्ध चित्रे! बाँबपासून वाचावीत म्हणून ती तिथे आणून ठेवली होती. चेझारे फासोला नावाचे संग्रहालयाचे ग्रंथपाल जीव मुठीत घेऊन फ्लॉरेन्सहून पायी तिथे आले होते आणि चित्रांची राखण करीत होते. उच्चेल्लो, जोत्तो, चिमाबुए अशा मोठमोठ्या चित्रकारांची ती कामे. त्यांतच बोत्तिचेल्लीचे 'प्रिमावेरा', म्हणजे 'वसंत', हे पाचशे वर्षांपूर्वीचे चित्र होते. पलटणीबरोबर फिरणाऱ्या एरिक लिंकलेटर या स्कॉटिश लेखकाने ते ओळखले आणि ती हकीकत पुढे आपल्या पुस्तकात लिहिली. चित्रांवर मराठा शिपायांचा पहारा बसला.

त्या पहाऱ्यात आबांची पाळी होती. नारिंगांच्या बागेत उभ्या असलेल्या बाया, पायांखाली फुलांचा गालिचा, आणि एकीने ओच्यात फुले घेतलेली. ती ती फुले वाटेवर टाकीत येते आहे. आबा आईला सांगत, "ओटी भरून आलेली बाई गं, देवळातनं घरी निघालेली. निम्म्याशिम्म्या अनवाणीच." मी शिक्षक झाल्यावर एका पुस्तकात या चित्राची छापील प्रत पाहिली आणि घरी आणून आबांपुढे ठेवली. चष्मा नव्हता, तरी त्यांनी ओळखले. बोट नेमके त्या ओच्यावर ठेवले. म्हणाले, "हीच. आमच्यातल्या कोणी हात लावला न्हाई हिला." जगातल्या एका फार मोठ्या ठेव्याच्या आयुष्यात असे काही दिवस आले, की तो चार यत्ता शिकलेल्या कुणब्याच्या पोरांच्या हवाली होता. त्यांनी तो जसाच्या तसा परत केला. या लढाईत आबांनी काय मिळवले असे कोणी विचारले, तर हे एक उत्तर मी देतो.

त्याच महिन्यात, पलीकडे वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यात, आपल्याच रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनमधले नाईक यशवंत घाडगे पडले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे ते राहणारे, वय अवघे बावीस. १० जुलै १९४४ रोजी त्यांच्या सेक्शनमधले बाकी सारे जण मशीनगनच्या माऱ्याखाली मेले किंवा जखमी झाले. ते एकटेच उरले. एकट्यानेच धाव घेऊन त्यांनी हातबाँबने ती मशीनगन बंद पाडली, एकाला गोळीने टिपले, दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. शेवटी लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच देह ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी सापडत नाही. नाव मात्र कासिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे.

आबांची सर्वांत कठीण लढाई ९ एप्रिल १९४५ ची, सेनिओ नदीवरची. आपल्या कृष्णेपुढे सेनिओ म्हणजे ओढाच. पण पुराचे पाणी अडवण्यासाठी तिच्या दोन्ही काठांना उंच बांध घातलेले होते आणि त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी बिळे करून ठाणी मांडली होती. सारा हिवाळा दोन्ही फौजा त्या बांधांना चिकटून समोरासमोर बसून होत्या. त्या दिवशी दुपारी आधी विमाने आली, मग तोफा सुरू झाल्या आणि संध्याकाळी पायदळ पाण्यात उतरले.

आबांच्या बटालियनमध्ये नामदेव जाधव नावाचा शिपाई होता. नगर जिल्ह्यातल्या निमज गावचा. कंपनीच्या निरोप्याचे काम करी. पूर्वेच्या बांधावरून समोरासमोर मारा होऊ लागला आणि त्याच्या आसपासची माणसे पडली. त्याने एका जखमी सोबत्याला उचलले आणि खोल पाण्यातून, उभ्या चढाने, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे नेले. परत गेला आणि दुसऱ्याला आणले. मग पुन्हा गेला. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून देऊन हातबाँब घेतले, तीन मशीनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधाच्या माथ्यावर चढून मराठ्यांची रणगर्जना करीत कंपनीला पलीकडे बोलावले. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो मात्र जगला, गावी परतला आणि १९८४ साली वारला. आबा त्याच्याविषयी एवढेच म्हणत, "नामदेवाचं काम निरोप पोचवायचं. त्या दिवशी त्येनं माणसं पोचवली."

त्याच दिवशी, त्याच नदीवर, तेराव्या फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदर या कोहाटकडच्या पठाण शिपायालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एका डिव्हिजनचे दोन शिपाई, एक नदी, एक दिवस. दोन वर्षांनी फौजेची वाटणी झाली. मराठा लाइट इन्फंट्री हिंदुस्थानकडे आली, फ्रंटियर फोर्स पाकिस्तानकडे गेली. आबांच्याच ब्रिगेडमध्ये पंधराव्या पंजाब रेजिमेंटची तिसरी बटालियन होती. तीही पलीकडे गेली. त्या बटालियनमधला झेलमकडचा एक मुसलमान शिपाई आबांचा जिवाभावाचा दोस्त होता. इस्पितळात दोघांच्या खाटा शेजारी होत्या. एक मराठीत बोले, दुसरा पंजाबीत, आणि दोघांना सारे समजे. १९४६ मध्ये त्याचे एक पत्र आले. पुढे आले नाही.

इटलीतल्या जर्मन फौजांनी २ मे १९४५ रोजी शस्त्रे खाली ठेवली. त्या मोहिमेत ५,७८२ हिंदी शिपायांना मरण आले. मुसलमानांना दफन केले. हिंदू आणि शीख यांचे जिथे शक्य झाले तिथे दहन केले. सांग्रोच्या काठी आणि फोर्ली या गावी त्यांच्या नावांची दहनस्मारके आहेत. आबांच्या सेक्शनमधले सहा जण तिकडेच राहिले. चौघे साताऱ्याचे, एक रत्नागिरीचा, एक कोल्हापूरकडचा.

१९४६ साली आबा बोटीने मुंबईला उतरले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, भूमिगतांवरची वॉरंटे उठली आणि तात्याही रानातून घरी आले. आजीच्या दारात दोन्ही मुलगे आठ दिवसांच्या अंतराने उभे राहिले. आधी तात्या आले होते. आबा आले तेव्हा गावातले काही जण मुद्दाम पाहायला जमले होते, की आता हे दोघे एकमेकांना काय म्हणतात! आबांनी ट्रंक खाली ठेवली, धाकट्या भावाला आपादमस्तक पाहिले आणि विचारले, "बैल गोठ्यात आला का रं?" तात्या म्हणाले, "आला दादा. वैरण पोचत व्हती." संपले. एवढेच बोलणे.

आबांची नोकरी सहा वर्षांची. पेन्शनला लागणारी वर्षे भरली नव्हती. हातात थोडी रक्कम मिळाली, ती सावकाराला गेली. छातीवर लावायला चार पदके आली. त्यांतल्या 'इटली स्टार'ची फीत तांबडी, पांढरी, हिरवी, म्हणजे इटलीच्या निशाणाच्या रंगांची. आम्ही पोरे ती खेळायला घेत असू. आबा कधी रागावले नाहीत. पण स्वातंत्र्यदिनाच्या समारंभाला ती लावून गेलेही नाहीत. शाळेतल्या व्यासपीठावर तात्यांना बोलावीत, हार घालीत. आबा मागे, पिंपळाच्या पारावर, इतर शेतकऱ्यांत बसत. त्यांच्या चेहऱ्यावर मला कधी खंत दिसली नाही. मात्र ते स्वतःची लढाई चारचौघांत काढीत नसत. ती घरातच राहिली.

१९७२ साली तात्यांना ताम्रपट मिळाला तेव्हा गावाने सत्कार केला. आबा धुतलेले धोतर नेसून, फेटा बांधून गेले. भाषणे झाल्यावर एका तरुण वक्त्याने, बहुधा भाषणाच्या भरात, म्हटले की याच घरातला एक भाऊ देशासाठी लढत होता आणि दुसरा साम्राज्याचा पगार खात होता. सभा गप्प झाली. आबा मान खाली घालून बसून राहिले. तात्या उठले. तात्यांना भाषण करता येत नसे. त्यांनी हातातला ताम्रपट टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "त्यो पगार दादानं एकट्यानं खाल्ला न्हाई. तीन वर्सं मी बी खाल्ला. माझ्यासंगट रानात हुते त्यांनी बी खाल्ला. मग ह्या पत्र्यावर कुणाचं नाव घालायचं, ते तुमीच ठरवा." आणि खाली बसले. त्या रात्री घरी येऊन त्यांनी स्वतःच्या हाताने खिळा ठोकला आणि ताम्रपट आबांच्या फोटोशेजारी टांगला. आजी तेव्हा हयात नव्हती. असती तर तिने दोघांनाही एकच हार घातला असता.

मी पुष्कळ विचार केला, की आबा कोणासाठी लढले? साम्राज्यासाठी म्हणावे, तर ते साम्राज्य मोडायला निघालेल्या भावाच्या वैरणीला त्यांनी पैसे पाठवले. देशासाठी म्हणावे, तर देश तेव्हा त्यांचा नव्हता. मला वाटते, शिपाई रणात उतरतो तो कोणाच्याही हुकमाने, पण तिथे टिकतो तो शेजारच्या माणसासाठी. आबांच्या बोलण्यात बादशहा कधी आला नाही, हिटलरही फारसा आला नाही. आले ते सोबती, ती पाने मागणारी बाई आणि ती ओच्यात फुले घेतलेली दुसरी बाई. हुकूम दुसऱ्याचा होता. राखण मात्र त्यांनी आपल्या मनाने केली.

अलीकडे या शिपायांची आठवण निघू लागली आहे. माणगावला यशवंत घाडग्यांचा पुतळा आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोन्तोने या गावी त्यांच्या नावाने एक स्मारक उभे राहिले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे आणि आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यासाठी निवडलेले आहे. परक्या मुलखातल्या माणसांनी ऐंशी वर्षांनी ही आठवण ठेवली, हे वाचून मला आबांच्या दोन चपात्या आठवल्या. तात्या १९८९ मध्ये गेले, आबा १९९४ मध्ये. दोघांनीही हे पाहिले नाही. वाचकहो, तुमच्या घरीही भिंतीवर असा एखादा खाकी फोटो असेल. दिवाळीच्या सुट्टीत सारे जमाल तेव्हा तो खाली घ्या, धूळ पुसा आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला त्याच्याविषयी विचारा. जे सांगतील ते वहीत उतरवून ठेवा. सरकारी दप्तरात नावे असतात, नंबर असतात. बैलाची वैरण तिथे नसते.

आबांचा स्वतःचा असा एक रिवाज होता. धनत्रयोदशीला संध्याकाळी आपण यमासाठी कणकेचा दिवा लावतो आणि त्याची वात दक्षिणेकडे करतो. घरातल्या कोणाला अकाली मरण येऊ नये हा त्यामागचा भाव. सगळीकडे एकच दिवा लागतो. आमच्या उंबऱ्याबाहेर आबा घरच्या दिव्यापासून थोडे दूर, ओळीने आणखी सात दिवे मांडीत आणि प्रत्येकापुढे एकेक नाव हळू आवाजात घेत. आई नवी लग्न होऊन आली तेव्हा घाबरली होती. पुढे तिला सवय झाली. ते सहा जण कोण हे तिला कळले होते. सातवे नाव मात्र मुसलमानाचे होते आणि तो झेलमकडचा दोस्त मेल्याची बातमी कधी आली नव्हती. एकदा तिने विचारले, "त्यो जिता असंल तर? जित्या माणसाच्या नावानं यमाचा दिवा कशापायी?"

आबा वात सारखी करीत होते. म्हणाले, "अगं, जित्यासाठीच तर असतो ह्यो दिवा. बाकीचे सहा मी उशिरा लावतोय."